मिनोटॉर खरा होता का? क्नॉसोसला निघण्याआधी

तुमचा प्रश्न असा: मे महिन्यात क्रीट बेटावर जायचं ठरलंय, दहा वर्षांच्या मुलीला मिनोटॉरची गोष्ट तोंडपाठ आहे आणि तिला तो भूलभुलैया बघायचाच आहे. तिथं खरंच काही होतं का? गोष्ट कुठं संपते आणि इतिहास कुठून सुरू होतो? तेव्हाची माणसं रोजचं जगणं कसं जगायची? आणि क्नॉसोसला, म्हणजे क्रीटमधल्या त्या प्राचीन राजवाड्याच्या अवशेषांपाशी, गेल्यावर नेमकं काय पाहायचं?

मी क्रीटमधल्या खापरांवर आणि मातीच्या लेखांवर बरीच वर्षं काम करतोय. हा प्रश्न मला विमानातल्या शेजाऱ्यांपासून पीएचडीच्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. तेव्हा उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

बैलाच्या तोंडाचा माणूस नव्हता, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण 'सगळी भाकडकथा आहे' म्हणून हात झटकणंही बरोबर नाही. माझा स्वतःचा एक ठोकताळा आहे: दंतकथेत नावं, गावं आणि वस्तू टिकतात, कथानक मात्र सांगणाऱ्याचं असतं. मिनोटॉरच्या गोष्टीला हे जितकं चपखल लागू पडतं तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या गोष्टीला पडत असेल.

आधी गोष्ट, म्हणजे घरातल्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. क्रीटचा राजा मिनोस. समुद्रदेव पोसायडननं त्याला बळी देण्यासाठी एक देखणा बैल पाठवला. मिनोसला मोह सुटेना, त्यानं तो बैल ठेवून घेतला आणि दुसराच बळी दिला. देवानं सूड म्हणून राणी पासिफेला त्या बैलाचं वेड लावलं आणि त्यातून मिनोटॉर जन्मला. डेडलस नावाच्या कारागिरानं त्याला कोंडण्यासाठी लॅबिरिंथ, म्हणजे भूलभुलैया, बांधला. हरलेल्या अथेन्सनं दर नऊ वर्षांनी सात मुलगे आणि सात मुली खंडणी म्हणून पाठवायच्या, त्या मिनोटॉरच्या तोंडी जायच्या. मग अथेन्सचा राजपुत्र थीसियस स्वतः आला. मिनोसची मुलगी आरियाडनी त्याच्यावर भाळली, तिनं दोऱ्याचा गुंडा दिला, त्यानं मिनोटॉरला मारलं आणि दोऱ्याच्या मागानं बाहेर पडला. परतताना जहाजाचं काळं शीड बदलायचं राहिलं, आणि पोरगा गेला असं समजून त्याच्या म्हाताऱ्या बापानं, एजियसनं, जीव दिला.

आता ही गोष्ट कुणाच्या बाजूनं सांगितली आहे ते बघा. नायक अथेन्सचा, हुंदके अथेन्सचे, सुटका अथेन्सची. क्रीटच्या वाट्याला फक्त राक्षस, जुलमी राजा आणि बदनाम राणी. क्रीटच्या लोकांना हे ठाऊक होतं. ग्रीक चरित्रकार प्लूटार्कनं थीसियसच्या चरित्रात क्रीटवाल्यांची बाजूही नोंदवून ठेवली आहे: लॅबिरिंथ म्हणजे साधा तुरुंग होता, आणि 'टॉरस', म्हणजे बैल, हे मिनोसच्या एका उर्मट सेनापतीचं नाव होतं. पुढे तो जे म्हणतो ते मला फार आवडतं. ज्या नगरीकडे भाषा आहे, कवी आहेत, तिचं वैर पत्करणं महागात पडतं, असा त्याचा भावार्थ. मिनोसची अथेन्सच्या रंगभूमीवर कायमची बदनामी झाली ती तशी.

होमरकडे मात्र हा मिनोस नाही. 'ओडिसी'त मिनोस पाताळात सोन्याचा राजदंड घेऊन बसलाय आणि मृतांचे तंटे सोडवतोय, म्हणजे मान राखलेला न्यायाधीश. 'इलियड'मध्ये डेडलसनं क्नॉसोसला आरियाडनीसाठी नाचाचं अंगण बांधलं असा उल्लेख येतो. मिनोटॉर? दोन्ही महाकाव्यांत कुठंही नाही.

मग तो एवढा मोठा कधी झाला? इ.स.पू. सहाव्या शतकात अथेन्समध्ये रंगवलेल्या भांड्यांवर थीसियस मिनोटॉरला तलवार खुपसतानाची चित्रं अमाप दिसू लागतात. पुढच्या शतकात गोष्टीला सरळ सरकारी पाठबळ मिळालं. इ.स.पू. ४७८ मध्ये पर्शियाविरुद्ध अथेन्सच्या पुढाकारानं ग्रीक नगरांची आघाडी उभी राहिली, आणि पाहता पाहता ती अथेन्सचं आरमारी साम्राज्य बनली. याच सुमाराला सेनानी किमोन स्कायरोस बेटावरून 'थीसियसची हाडं' म्हणून काही हाडं वाजतगाजत अथेन्सला घेऊन आला. एजियन समुद्रातल्या बेटांकडून अथेन्स आता स्वतः खंडणी गोळा करत होतं. असल्या वेळी 'एकेकाळी आम्हीही कुणाला तरी खंडणी देत होतो, ती आमच्याच राजपुत्रानं मोडून काढली' ही गोष्ट किती सोयीची! इतिहासकार थ्युसिडिडीसही मिनोसकडे याच चष्म्यातून बघतो: आरमार उभारणारा आणि चाचेगिरी मोडणारा पहिला माणूस. त्यात अथेन्सचंच प्रतिबिंब जास्त आहे, असं माझं मत.

ही गोष्ट नुसती ऐकण्यापुरती नव्हती, ती लोकांच्या पंचांगात शिरली होती. थीसियसच्या नवसाची फेड म्हणून अथेन्स दरवर्षी डेलोस बेटावर एक पवित्र जहाज पाठवायचं, आणि ते परत येईपर्यंत शहरात कुणालाही देहदंड देता येत नसे. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसच्या खटल्याच्या आदल्याच दिवशी त्या जहाजाला हार घातले गेले होते. शिक्षा झाल्यावरही सॉक्रेटिस सुमारे महिनाभर तुरुंगात मित्रांशी बोलत बसला, ते या जहाजामुळे. मिनोटॉर खरा नसेल, पण त्याच्या गोष्टीनं सॉक्रेटिसला महिन्याचं आयुष्य दिलं हे खरं.

कथानकाचा हिशेब हा असा. आता नावांकडे येऊ. माझं खरं काम तिथलं.

क्नॉसोसचा राजवाडा जळाला तेव्हा आत कच्च्या मातीच्या हजारो छोट्या पाट्या होत्या. त्या जपून ठेवायला म्हणून कुणी भाजलेल्या नव्हत्या. चालू वर्षाचा हिशेब लिहायचा, वर्ष सरलं की माती पुन्हा भिजवायची, असा कारभार. आगीनं त्या पक्क्या झाल्या आणि म्हणून आपल्या हाती आल्या. बहुतेक पाट्या इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या आसपासच्या आहेत. त्यांवरच्या लिपीला क्नॉसोस खोदणाऱ्या आर्थर इव्हान्सनं 'लिनिअर बी' असं नाव दिलं. ॲलिस कोबर या अमेरिकन प्राध्यापिकेनं त्या लिपीतल्या शब्दांचे प्रत्यय कसे बदलतात ते शोधून पाया घातला, आणि १९५२ मध्ये मायकल व्हेंट्रिस या पेशानं वास्तुविशारद असलेल्या तरुणानं ती उलगडली. भाषा निघाली ग्रीक, होमरच्या कितीतरी आधीची. म्हणजे त्या शेवटच्या टप्प्यात क्नॉसोसचा कारभार ग्रीक बोलणाऱ्यांच्या हातात होता. त्याआधीच्या, मूळ क्रीटवासीयांच्या भाषेतल्या 'लिनिअर ए'चा अर्थ अजून लागलेला नाही.

या पाट्यांमध्ये कविता नाही, कायदा नाही, राजाचा पराक्रम नाही. मिनोस नावाचा राजाही नाही. आहेत त्या नोंदी: कुणाला काय दिलं, कुणाकडून काय यायचं आहे. पण त्यातल्या एका पाटीवर दोन ओळी आहेत. सगळ्या देवांना मधाचा एक घडा. लॅबिरिंथच्या स्वामिनीला मधाचा एक घडा.

मी ही पाटी विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा वर्गात हमखास कुणीतरी 'आणि बैल?' असं विचारतं. बैल नाही. एक देवी आहे, तिचं एक ठिकाण आहे, आणि तिला एकटीला इतर सगळ्या देवांना मिळून मिळतो तेवढा मध मिळतो. अथेन्सच्या भांड्यांवर मिनोटॉर उमटण्याच्या सुमारे आठशे वर्षं आधी लॅबिरिंथ हे देवस्थान होतं, निदान देवस्थानाचं नाव तरी होतं.

दुसऱ्या एका पाटीवर एका महिन्यात कुठल्या देवाला किती तेल पाठवायचं त्याची यादी आहे. दिक्ते पर्वतावरच्या झ्यूसला तेल, वाऱ्यांच्या पुजारिणीला तेल, आणि 'डेडलियन'ला तेल. म्हणजे डेडलसच्या नावाचंही एक ठिकाण त्या काळी होतं, तिथं तेल जात होतं. आणि थीसियस? तो ग्रीसच्या मुख्य भूमीवर पायलोसच्या पाट्यांमध्ये सापडतो. राजपुत्र वगैरे नाही. 'देवाचा दास' असं बिरुद लावलेला आणि जमिनीचा एक तुकडा कसायला घेतलेला साधा माणूस. अकिलीस आणि हेक्टर ही नावंही पाट्यांमध्ये अशीच सामान्य माणसांची म्हणून येतात. म्हणजे महाकाव्यांच्या नायकांची नावं तेव्हा गल्लीबोळातली होती.

गावांचंही तसंच. पाट्यांमध्ये अम्निसोस बंदरातल्या एलेउथिया देवीला मधाचा घडा गेल्याची नोंद आहे. ही बाळंतपणाची देवी. 'ओडिसी'त अम्निसोसला तिची गुहा असल्याचं म्हटलंय, आणि ती गुहा आजही क्रीटमधल्या हेराक्लिओन शहराच्या पूर्वेला किनाऱ्यालगत आहे. मध्ये राजवाडे पडले, लिहिण्याची कला ग्रीसमधून काही शतकं नाहीशी झाली, तरी देवी तिथंच राहिली आणि लोकांना तिचा पत्ता लक्षात राहिला. दंतकथेचा मी आदर करतो तो अशा गोष्टींसाठी. खंडणी, राक्षस आणि राजपुत्र यांचा पुरावा म्हणून मी तिला कधीच हात लावणार नाही.

एक लोकप्रिय स्पष्टीकरण तुम्हाला तिथला प्रत्येक गाईड ऐकवेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. राजवाड्यात शेकडो खोल्या, अरुंद बोळ, वळणावळणाचे जिने. नंतरच्या ग्रीकांनी हे पडके अवशेष पाहिले, चक्रावले, आणि त्यातून भूलभुलैयाची कल्पना निघाली. ऐकायला छान वाटतं. अडचण एवढीच की राजवाडा उभा होता, त्यात कारकून बसत होते, तेव्हाच लॅबिरिंथ हे नाव पाटीवर लिहिलं जात होतं. अवशेषांवरून नाव पडायला आधी अवशेष तरी व्हायला हवेत. चक्रावून टाकणारी वास्तू हा अर्थ त्या नावाला पुढे चिकटला असणं शक्य आहे, पण नावाचा उगम त्यानं उलगडत नाही.

आणखी एक गंमत मुलीला नक्की दाखवा. क्नॉसोस शहरानं पुढे, ग्रीक काळात, आपल्या नाण्यांवर लॅबिरिंथचं चिन्ह छापलं. त्या चिन्हावर बोट फिरवून पाहा. वाट एकच आहे. ती वळत वळत थेट मध्यावर जाते, कुठं फाटा नाही, चुकायची सोयच नाही. मग दोरा कशाला लागला? हाच नमुना पायलोसच्या एका पाटीच्या मागच्या बाजूवर कोरलेला आहे, इ.स.पू. १२०० च्या आसपासचा. पुढच्या बाजूला शेळ्यांची नोंद आहे. कारकुनाला कंटाळा आला असणार. पुढे इटलीतल्या पॉम्पेईत, इ.स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या एका घराच्या खांबावर कुणीतरी असाच चौकोनी लॅबिरिंथ खरडून शेजारी लॅटिनमध्ये लिहिलंय: लॅबिरिंथ, इथं मिनोटॉर राहतो. घरमालकाला उद्देशून असावं.

आता रोजच्या जगण्याबद्दल, कारण तेही तुम्ही विचारलंय. पाट्या वाचताना मिनोटॉर लवकरच विसरायला होतो आणि डोळ्यांसमोर मेंढ्या येतात. क्नॉसोसच्या नोंदींमध्ये जवळजवळ एक लाख मेंढ्या आहेत. त्यातही खच्ची केलेले नर जास्त, कारण त्यांची लोकर जास्त आणि चांगली निघते. प्रत्येक कळपाचा मेंढपाळ, त्याचं गाव, किती जनावरं, किती लोकर यायला हवी आणि किती बाकी. दर चार मेंढ्यांमागे लोकरीचं एक माप, असा ठरीव आकडा. बाकी राहिली तर पाटीवर तशी खूण. मेंढ्यांच्या शेकडो पाट्या एकाच लेखनिकाच्या हातच्या आहेत. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, अभ्यासक त्याला ११७ क्रमांक म्हणतात. अक्षर घाईचं, पण हिशेब चोख. लोकर मग बायकांच्या गटांकडे कातायला आणि विणायला जायची. त्या बायकांच्या नोंदीत त्यांच्याबरोबरच्या मुला-मुलींची संख्याही असते, मोठी मुलं वेगळी, लहान वेगळी. त्यांना शिधा मिळायचा. ज्याला आपण मिनोअन, म्हणजे मिनोसच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन क्रीटचं, वैभव म्हणतो ते या हातांवर उभं होतं.

पाट्यांची माती मळायला लहान मुलं होती, हे तळव्यांच्या ठशांवरून कळलंय. त्यावर रेखाटणारा लेखनिक प्रौढ, पण मातीचा गोळा थापून त्याच्यापुढे ठेवणारा हात कधीकधी तुमच्या मुलीच्या वयाचा.

आणि बैल आहेत की! पण ते राक्षस नाहीत, नांगराचे आहेत. काही पाट्यांवर कामाच्या बैलजोड्यांची नावं लिहिली आहेत. एक केलाइनोस, म्हणजे काळ्या. एक पोडार्गोस, पांढऱ्या पायांचा. एक स्टोमार्गोस, पांढऱ्या तोंडाचा. एक आयवोलोस, चपळ किंवा ठिपक्याठिपक्यांचा. ढवळ्या-पवळ्याच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ही यादी वाचताना परकं वाटत नाही. 'इलियड'मध्ये हेक्टरच्या रथाच्या एका घोड्याचं नाव पोडार्गोस आहे. शेतातल्या बैलाचं नाव युद्धाच्या घोड्याला मिळालं. नावं टिकतात म्हणतो ती अशी.

बैलावरून उडी मारण्याचा खेळ मात्र खराखुरा होता असं मला वाटतं. हेराक्लिओनच्या संग्रहालयात क्नॉसोसचं ते प्रसिद्ध भित्तिचित्र आहे: उधळलेला बैल, एकानं शिंगं धरलेली, एक पाठीवर कोलांटी घेतोय, एक मागे हात पसरून उभा. मुद्रांवर, हस्तिदंताच्या मूर्तींमध्ये हाच विषय पुन्हा पुन्हा येतो. शिंगं धरून अशी कोलांटी प्रत्यक्षात जमेल का यावर आजचे बैलांशी खेळणारे लोक शंका घेतात, आणि चित्रकारानं थोडी सूट घेतली असणार हेही उघड आहे. पण हा खेळ, त्यातला धोका आणि त्याभोवतीचा सोहळा क्रीटच्या ओळखीचा भाग होता. बैल आणि कोवळी मुलं हे दोन धागे इथून गोष्टीत गेले असतील, एवढं मी मान्य करीन.

याच ओघात कुणीतरी तुम्हाला नरबळीचं सांगेल. १९७९ मध्ये क्नॉसोसच्या दक्षिणेला अनेमोस्पिलिया इथं भूकंपात कोसळलेल्या एका छोट्या देवळात ओट्यावर एका तरुणाचा सांगाडा आणि त्याच्यावर काशाचं लांब पातं सापडलं. त्याच सुमाराला क्नॉसोसमध्येच राजवाड्याच्या पश्चिमेला एका घरात लहान मुलांची हाडं मिळाली, त्यांवर मांस सोडवल्याच्या सुरीच्या खुणा होत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा अर्थ काय, यावर आजही वाद आहे. मृतांची हाडं साफ करून पुन्हा पुरण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी होती. वर्तमानपत्रांनी तेव्हा या हाडांवरून थेट मिनोटॉरपर्यंत उडी मारली. ही उडी तुम्ही मारू नका, आणि हा भाग मुलीला सांगायचा की नाही ते तुम्हीच ठरवा.

थेरा बेटावरच्या ज्वालामुखीबद्दल आणि अटलांटिसबद्दल थोडक्यात उरकतो. थेरा, म्हणजे आजचं सँटोरिनी, इ.स.पू. १६०० च्या आसपास फुटलं. नक्की वर्षावर अजून भांडणं चालू आहेत. क्रीटमधले बहुतेक राजवाडे जळाले ते इ.स.पू. १४५० च्या सुमाराला, म्हणजे सुमारे दीडशे वर्षांनी. तेव्हा 'ज्वालामुखीनं मिनोअन संस्कृती एका रात्रीत बुडवली' हे चालत नाही. आणि अटलांटिस ही प्लेटोनं इ.स.पू. चौथ्या शतकात एक तात्त्विक मुद्दा मांडण्यासाठी रचलेली कथा आहे. माझ्या ठोकताळ्यावर ती घासून बघा: प्लेटोच्या आधी तिचं नाव नाही, गाव नाही, वस्तू नाही. सँटोरिनीला गेलात तर त्या राखेखाली गाडलं गेलेलं अक्रोतिरी गाव जरूर पाहा, पण अटलांटिसच्या पाट्या लावलेल्या दुकानांत पैसे घालवू नका.

आता प्रत्यक्ष भेट. क्नॉसोस हेराक्लिओनपासून जेमतेम पाच किलोमीटरवर आहे. तिथं पाय ठेवताना हे ध्यानात असू द्या की समोर जे लाल खांब, जिने आणि मजले दिसतात त्यातलं बरंचसं विसाव्या शतकातलं काँक्रीट आहे. या टेकडीवर पहिलं खोदकाम १८७८ मध्ये हेराक्लिओनच्या एका व्यापाऱ्यानं केलं. त्याचं नाव, योगायोग बघा, मिनोस कालोकायरिनोस. त्याला पश्चिमेकडच्या कोठ्यांमधले प्रचंड रांजण सापडले, पण बेट तेव्हा ऑटोमन सत्तेखाली होतं. सापडलेलं सगळं इस्तंबूलला जाईल या भीतीनं स्थानिकांनीच काम थांबवलं. क्रीट स्वायत्त झाल्यावर, मार्च १९०० मध्ये, ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचा प्रमुख आर्थर इव्हान्सनं जागा विकत घेऊन खोदायला सुरुवात केली. आठवडाभरातच पाट्या, आणि थोड्याच दिवसांत दगडी आसनाची ती खोली. आसन आजही मूळ जागी आहे.

इव्हान्स हुशार होता, पैसेवाला होता आणि मिनोसच्या कथेनं भारलेला होता. 'मिनोअन' हे नाव त्यानंच रूढ केलं. 'राणीचा महाल', 'सिंहासनाची खोली' ही नावंही त्याचीच. एकाही पाटीवर ती नाहीत. लाकडी खांब आणि तुळया कुजून-जळून गेलेल्या, त्यामुळे वरचे मजले ढासळत होते. त्यांना आधार द्यायला म्हणून सुरू झालेलं काम १९२० च्या दशकात थेट पुनर्बांधणीवर गेलं. मी इव्हान्सला शिव्या घालणाऱ्यांतला नाही. ते काँक्रीट नसतं तर मोठा जिना आज उभाच नसता. पण त्यानं आधार कुठं दिला आणि कल्पना कुठं केली, हे तिथं उभं राहून डोळ्यांनी वेगळं करता येत नाही, ही माझी खरी तक्रार.

भित्तिचित्रांचं तर विचारूच नका. तळहाताएवढे दोन-चार तुकडे आणि भोवती इव्हान्सच्या चित्रकारांनी, गिलिएरॉन बाप-लेकांनी, रंगवलेली अख्खी भिंत, असा प्रकार बऱ्याच ठिकाणी आहे. केशराची फुलं खुडणारा 'निळा मुलगा' म्हणून एक चित्र कित्येक वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं. पुढे निकोलाओस प्लॅटन या ग्रीक पुरातत्त्वज्ञानं दाखवून दिलं की तो माकड आहे, शेपूट होती. 'लिलीच्या फुलांचा राजपुत्र' या चित्रातला मुकुट, छाती आणि पाय वेगवेगळ्या आकृत्यांचे असावेत असं अनेक अभ्यासकांना वाटतं. संग्रहालयात ही चित्रं बघताना मूळ तुकडे थोडे उठून आणि खडबडीत दिसतात, नवा रंग सपाट असतो. मुलीला मूळ तुकडे मोजायला लावा, ती तासभर कंटाळणार नाही.

म्हणून माझा सल्ला: आधी हेराक्लिओनचं संग्रहालय, मग क्नॉसोस. बहुतेक लोक उलटं करतात आणि दुपारच्या उन्हात दमून संग्रहालयात धावत सुटतात. संग्रहालयात पाट्या, नाणी, बैलाच्या डोक्याच्या आकाराचं दगडी पात्र आणि मुद्रा निवांत पाहा. क्नॉसोसला सकाळी दार उघडताना पोचा, जहाजांवरच्या सहलींचे जथे यायच्या आत. सिंहासनाच्या खोलीपुढे रांग असते. ती लांब दिसली तर आधी पश्चिमेच्या कोठ्यांकडे जा. 18 अरुंद कोठ्या, त्यांतले माणसाएवढे रांजण, जमिनीत पुरलेल्या दगडी पेट्या. तेल, धान्य, मध, लोकर. पाट्यांवरचा हिशेब इथं भरला जात होता, आणि ही जागा इव्हान्सच्या काँक्रीटमधून बरीचशी सुटली आहे.

गाइड घेणार असाल तर 'यातलं मूळ काय आणि नवं काय ते दाखवा' असं पहिल्यांदाच सांगा. चांगला गाइड खूश होतो. दुसरा तुम्हाला पुन्हा मिनोटॉरकडेच नेईल. क्रीटच्या दक्षिणेतल्या गॉर्टिनजवळच्या एका जुन्या दगडखाणीला मध्ययुगापासून प्रवाशांना 'हाच लॅबिरिंथ' म्हणून दाखवत असत. तूर्नफोर नावाचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १७०० मध्ये तिथं फिरून आला होता. क्नॉसोस खणलं गेल्यावर लॅबिरिंथ इकडे हलला. पर्यटकांना पत्ता हवा असतो, तो कुणीतरी देतंच.

एक दिवस जास्तीचा काढता आला तर दोन पर्याय. दक्षिणेला फाइस्टोस: तितकाच मोठा मान असलेला राजवाडा, इटालियन पुरातत्त्वज्ञांनी खोदलेला आणि बराचसा जसाच्या तसा ठेवलेला, खाली मेसारा मैदानाचा पसारा. किंवा पूर्वेला गोर्निया. मला विचाराल तर गोर्निया. हॅरिएट बॉइड या अमेरिकन बाईनं १९०१ ते १९०४ मध्ये हे खोदलं, ज्या काळी बायकांनी उत्खननाचं नेतृत्व करणं जवळपास ऐकिवात नव्हतं. हे छोटं गाव आहे: दगडी फरसबंदीच्या गल्ल्या, एकमेकांना चिकटलेली घरं, उंबरे, सुताराची हत्यारं सापडलेलं घर, कुंभारांच्या आणि काशाचं काम करणाऱ्यांच्या जागा. भिंती कंबरेएवढ्या, सिमेंटचा खांब एकही नाही. मुलं तिथं मनसोक्त गल्लीबोळ धुंडाळतात, आणि भूलभुलैया बघितल्याचं समाधान क्नॉसोसपेक्षा तिथं जास्त मिळतं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं क्नॉसोस, फाइस्टोस यांच्यासह क्रीटमधली सहा मिनोअन राजवाड्यांची ठिकाणं जागतिक वारसा यादीत घेतली. गोर्निया त्यात नाही. (मराठ्यांचे १२ किल्ले त्याच बैठकीत यादीत आले, हे तुमच्या लक्षात असेलच.) यादीत आल्यामुळे क्नॉसोसची गर्दी कमी होणार नाही, तेव्हा तिकिटं आधी काढून ठेवा. गोर्नियाला मात्र सावली नाही आणि आसपास खाण्यापिण्याचं फारसं काही नाही. टोप्या आणि पाणी सोबत न्या, जेवायला थोडं पुढे किंवा मागे किनाऱ्यावरच्या गावात थांबा.